खेळ दर वेळी त्याच लेव्हलवर मागे जातो: चार वेळा उघडलेल्या एका तिकिटाची तपासणी

तक्रार अशी येते. मोबाईलवरचा कोडी सोडवायचा खेळ. खेळणारा रात्री ६३व्या लेव्हलवर थांबतो, सकाळी उघडतो तर ४८वी. चिकाटीने पुन्हा ५५पर्यंत जातो, दुसऱ्या दिवशी परत ४८. खेळ बंद पडत नाही, पडद्यावर एरर येत नाही. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं तरी ४८च.

आमच्या बाणेरच्या छोट्या गेम स्टुडिओत हे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, चार वेळा उघडलं. मी तिथे टेस्टर आहे, आणि ज्या तीन वेळा ते चुकीने बंद झालं त्यांतल्या दोन वेळा ते मी बंद केलं होतं. तिसऱ्या खेपेला कारण सापडलं, पण दुरुस्तीने बग आणखी पसरला. चौथ्या खेपेला तो संपला. कारण थेट आपल्या मराठी आकड्यांशी जोडलेलं होतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. गेम बनवणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना याचा उपयोग होईलच. नुसतं खेळणाऱ्यांसाठी शेवटचा भाग आहे.

पहिला प्रश्न फोनचा नाही

"माझी प्रोग्रेस गेली" अशी तक्रार आली की आम्ही विचारायचो: फोन कुठला, अँड्रॉइड कितवं, अ‍ॅपची आवृत्ती कुठली. ही माहिती लागतेच. पण त्याआधी विचारायला हवं ते हे: खेळ मागे गेला तो कुठवर, आणि दर वेळी तिथेच जातो का? या एका उत्तरावरून शोधाची दिशा ठरते, कारण "प्रोग्रेस गेली" या दोन शब्दांमागे निदान पाच निरनिराळे बग लपलेले असतात.

खेळ दहा-पंधरा मिनिटंच मागे जात असेल आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी जात असेल, तर बाहेर पडताना सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला याची फाइल, लिहिली जात नाही. होम बटण दाबलं की खेळ संपत नाही, तो मागे जाऊन बसतो. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड त्याची प्रोसेस मारून टाकतं आणि तसं करताना खेळाला आधी कळवत नाही. युनिटी या गेम बनवायच्या साधनात काम करणारे पुष्कळ जण सेव्ह लिहिण्याचं काम 'ऑनअ‍ॅप्लिकेशनक्विट'मध्ये ठेवतात, पण फोनवर खेळ बंद होतानाचं ते फंक्शन बोलावलं जाईलच याची खात्री नसते. 'ऑनअ‍ॅप्लिकेशनपॉज'मध्ये, म्हणजे खेळ मागे जाताना, लिहावं, आणि त्याहून बरं म्हणजे प्रत्येक लेव्हल संपताच लिहावं. तपासायचं असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये बॅकग्राउंड प्रोसेसची मर्यादा शून्यावर आणा, खेळ चालू असताना दुसऱ्या फोनवरून कॉल करा, कॉल संपला की कॅमेरा उघडा आणि मग खेळात परत या.

खेळ पार पहिल्या लेव्हलवर गेला तर सेव्ह फाइल अर्धवट लिहिली गेली आहे. फोनची जागा भरलेली असताना किंवा बॅटरी संपताना असं होतं. आहे त्याच फाइलवर लिहू नये. शेजारी तात्पुरती फाइल लिहावी, ती पुरती डिस्कवर पोचली की मगच नाव बदलावं.

नवा फोन घेतल्यावर किंवा अ‍ॅप पुन्हा टाकल्यावर जुनी लेव्हल आली, तर बॅकअप तपासा. अँड्रॉइड ६पासून अ‍ॅपच्या फाइली २५ एमबीपर्यंत आपोआप गूगलच्या ड्राइव्हवर जातात आणि अ‍ॅप पुन्हा टाकलं की परत येतात. आम्ही मुद्दाम काही केलेलं नसताना हे घडत होतं आणि टीममधल्या निम्म्या लोकांना ते माहीत नव्हतं. दोन फोनवर एकच खातं असेल तर क्लाउडमधल्या दोन सेव्हमधली कुठली खरी मानायची, हा निराळा प्रश्न. ताम्हिणी घाटात रेंज नसताना खेळलेला एक तास आणि घरच्या टॅबवर मुलाने खेळलेली दहा मिनिटं, यांतलं काय ठेवायचं ते डेव्हलपरने आधीच ठरवलेलं असावं लागतं. फक्त रोजचं बक्षीस चुकत असेल आणि गडबड पहाटे साडेपाचच्या आसपास होत असेल, तर सर्व्हरचा दिवस युटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे बदलतोय. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. तिथे सेव्हचा काही दोष नाही.

उरला तो प्रकार इथल्या तक्रारीचा: दर वेळी नेमका त्याच लेव्हलवर. यात सेव्ह तुटलेली नसते. ती धडधाकट असते, म्हणून तर न कुरकुरता उघडते. खेळ चुकीची फाइल निवडत असतो.

पहिल्या दोन खेपा

पहिल्यांदा तिकीट आलं तेव्हा मी चाचणीच्या रॅकमधल्या ११ फोनवर खेळ टाकला, खेळले, बंद केला, उघडला. सगळीकडे लेव्हल जागेवर होती. "रिप्रोड्यूस होत नाही", म्हणजे आमच्याकडे तसं घडत नाही, असं लिहून तिकीट बंद केलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा आमच्या सीनियर डेव्हलपरला पॉजच्या वेळी सेव्ह न लिहिण्याचा एक खराखुरा दोष सापडला, त्याने तो दुरुस्त केला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तो बगही होता, पण दुसराच. "प्रोग्रेस गेली" एवढंच लिहिलेल्या तक्रारींचा मोठा धोका हाच असतो: शोधताना भलताच दोष हाती लागतो आणि मूळ तिकीट त्याच्या नावावर बंद होतं.

कोथरूडचा फोन

माझी मावशी डहाणूकर कॉलनीत राहते. खेळ मीच तिच्या फोनवर टाकून दिला होता आणि ती रोज दुपारी खेळायची. दिवाळीच्या आधी गेले तेव्हा म्हणाली, "अगं, तुमचा खेळ मला रोज अठ्ठेचाळीसवर आणून सोडतो. त्याच त्या कोड्यांना मी रोज डोकं लावायचं का?"

मी विचारलं, कधीपासून?

"गणपतीपासून."

गणपतीत काय झालं होतं? तिला आठवेना. नवा फोन नव्हता, खेळ काढून टाकला नव्हता. मग चहा झाल्यावर म्हणाली, "नातू आला होता, त्याने फोन इंग्रजीत करून दिला. बँकेचं काहीतरी मराठीत दिसत नव्हतं."

लॅपटॉप काढला, फोन जोडला आणि एडीबी या संगणकावरून फोन तपासायच्या साधनाने खेळाचा फोल्डर उघडला. आमचा खेळ शेवटच्या पाच सेव्ह ठेवतो. फाइलच्या नावात तारीख आणि वेळ असते. पाचही फाइली गणपतीतल्या होत्या आणि पाचही नावांतले आकडे देवनागरी होते. मग मी तिला एक लेव्हल खेळायला सांगितली. सहावी फाइल तयार झाली, तिच्या नावात इंग्रजी आकडे होते, आणि पुढच्या यादीत ती गायब. ती गेली होती, पाच जुन्या तशाच होत्या.

हे असं का घडतं ते नीट सांगते, कारण हा सापळा फक्त आमच्या खेळापुरता नाही.

आमचा खेळ युनिटीवर, म्हणजे सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला आहे, पण सेव्ह फाइली हाताळणारा भाग जावा या दुसऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या प्लगइनमध्ये, म्हणजे जोडभागात, आहे. जावात तारखेचं नाव बनवताना भाषा सांगितली नाही तर ते फोनची भाषा धरतं. अँड्रॉइडच्या भाषाविषयक माहितीत मराठीचे डीफॉल्ट आकडे देवनागरी आहेत. म्हणून मराठी फोनवर फाइलच्या नावात देवनागरी तारीख येते. सी शार्प असं करत नाही, फोनची भाषा कुठलीही असली तरी ते इंग्रजी आकडेच छापतं. त्यामुळे पडद्यावर काहीच वेगळं दिसत नव्हतं आणि डेव्हलपरच्या संगणकावर तर हा बग दिसणं शक्यच नव्हतं.

आता क्रम लावायची गोष्ट. "सर्वांत नवी सेव्ह" ठरवायला आमचा कोड फाइलींची नावं लावायचा आणि शेवटची उचलायचा. नावं लावताना जावा अक्षरांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले क्रमांक, बघतं. इंग्रजी शून्य ४८वा आणि नऊ ५७वा. देवनागरी शून्य २४०६वा आणि नऊ २४१५वा. म्हणजे देवनागरी तारीख कितीही जुनी असली तरी ती इंग्रजी तारखेच्या नंतरच लागणार. फोन कायम मराठीत असेल तर अडचण नाही, सगळी नावं एकाच जातीची. कायम इंग्रजीत असेल तरी नाही. मराठीतून इंग्रजीत गेलात की शेवटच्या मराठी दिवसाची फाइल कायमची "सर्वांत नवी" होऊन बसते.

त्याहून वाईट पुढे आहे. पाचाहून जास्त फाइली झाल्या की सर्वांत जुनी पुसायची, आणि तीही नावावरूनच ठरवलेली. नुकतीच लिहिलेली इंग्रजी नावाची फाइल या हिशोबात सर्वांत जुनी ठरायची आणि लगेच पुसली जायची. मावशीने महिनाभर खेळलेलं फोनवर कुठेही उरलं नव्हतं. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं तर बॅकअपमधून त्याच पाच देवनागरी फाइली परत यायच्या. म्हणून पुन्हा टाकूनही ४८च.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की आमच्या रॅकमध्ये एक फोन हिंदीत ठेवलेला होता. हिंदीवर चाललं म्हणजे देवनागरीवर चाललं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्याच भाषाविषयक माहितीत हिंदीचे डीफॉल्ट आकडे इंग्रजी आहेत. मराठी आणि नेपाळीचे देवनागरी, बंगालीचे बंगाली. लिपी एक असली तरी वागणूक एक नाही. पुण्यात बसून, मराठीत बोलणाऱ्या दहा जणांच्या टीममध्ये, एकही चाचणीचा फोन मराठीत नव्हता. लॉग, म्हणजे फोनवर होणाऱ्या नोंदी, वाचायला सोपे जातात म्हणून सगळे इंग्रजीत.

दुरुस्ती, जिने बग वाढवला

उपाय सोपा वाटला. नाव बनवताना भाषा स्पष्ट सांगायची: 'लोकॅल.रूट'. मग फोन कुठल्याही भाषेत असो, नावात इंग्रजी आकडेच येणार. एक ओळ बदलली. मी मराठी फोनवर खेळ नव्याने टाकून तपासला, इंग्रजी फोनवर नव्याने टाकून तपासला, मध्येच भाषा बदलूनही बघितली. सगळं पास. तिकीट बंद केलं. अपडेट २० टक्के लोकांसाठी सोडलं.

तीन दिवसांत तक्रारी वाढल्या. आता अशा लोकांच्या येत होत्या ज्यांनी भाषा कधी बदललीच नव्हती. मराठी, नेपाळी आणि बंगाली फोन.

नीट बघितलं तर कारण समोरच होतं. ज्यांचा फोन कायम मराठीत होता त्यांच्याकडे पाच देवनागरी फाइली होत्या आणि आजवर सगळं सुरळीत होतं. आमच्या दुरुस्तीने त्यांची पुढची फाइल इंग्रजी नावाची झाली आणि त्याच क्षणी ती मागे पडून पुसली गेली. ज्या घसरणीवर मावशी फोनची भाषा बदलल्यामुळे पोचली होती, तिथे आम्ही या सगळ्यांना अपडेटने नेऊन ठेवलं. मी नव्याने टाकून तपासलं होतं. जुन्या आवृत्तीवरून अपडेट करून तपासलं नव्हतं.

प्ले कन्सोल या डेव्हलपरांसाठीच्या गूगलच्या पानावरचा क्रॅशचा आलेख या सगळ्या काळात निरोगी दिसत होता. गूगल प्ले १.०९ टक्क्यांच्या पुढचा क्रॅशदर वाईट मानतं, आमचा त्याच्या पुष्कळ खाली होता. क्रॅश नव्हताच कुठे. आलेख बघून निर्धास्त राहणाऱ्या टीमला हा बग महिनोन् महिने दिसणार नाही. तो दिसतो रिव्ह्यूंमध्ये, तेही भाषेनुसार गाळून वाचले तर.

अपडेट सोडणं त्याच दिवशी थांबवलं. पण थांबवल्याने ज्यांच्याकडे अपडेट पोचलं होतं त्यांचं काही परत येत नव्हतं.

जे अखेर टिकलं

फाइलच्या आत एक क्रमांक ठेवला. प्रत्येक सेव्हला तो एकाने वाढतो आणि निवड त्याच्यावरूनच होते. नावावरून नाही आणि घड्याळावरूनही नाही. घड्याळ का नाही, तर फुकट लाइफ मिळावी म्हणून फोनची तारीख पुढे करणारे खेळाडू पुष्कळ आहेत आणि उद्याच्या तारखेची सेव्ह आजच्या सेव्हला हरवते.

जुन्या फाइलींत हा क्रमांक नव्हता. त्यांच्या नावातला प्रत्येक आकडा आधी इंग्रजीत आणायचा आणि मग तुलना करायची. जावात 'कॅरेक्टर.डिजिट' कुठल्याही लिपीतला आकडा ओळखतं, तेच वापरलं. सी शार्पमध्ये हे करणाऱ्यांनी सावध राहावं: तिथलं 'इंट.पार्स' देवनागरी आकडा नाकारतं, पण मजकुराचा नमुना जुळवणाऱ्या रेजेक्समधलं 'डी' हे चिन्ह त्याच आकड्याला आकडा मानतं. म्हणजे तपासणी पास होते आणि पुढच्याच ओळीत खेळ कोसळतो.

पुसण्याचा नियमही बदलला. नुकती लिहिलेली फाइल कधीच पुसायची नाही, आणि ती परत उघडून वाचता आली याची खात्री झाल्याशिवाय दुसरीही पुसायची नाही.

ज्यांचं गेलं त्यांच्यासाठी एकच आधार होता: लेव्हल पूर्ण झाली की सर्व्हरवर एक नोंद जात असे. त्यावरून लेव्हल परत देता आल्या. साठवलेली नाणी आणि हिंट मोजून देता आल्या नाहीत, कारण त्यांची नोंदच नव्हती. सगळ्यांना ठरावीक नाणी दिली आणि काय झालं होतं ते खेळातच स्पष्ट लिहिलं. 'सायबरपंक २०७७' हा खेळ २०२०च्या डिसेंबरात आला तेव्हा पीसीवर सेव्ह फाइल ८ एमबीच्या पुढे गेली की बिघडायची. कंपनीने १.०६ या हॉटफिक्समध्ये, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीत, ती मर्यादा काढली आणि आधी बिघडलेल्या फाइली यातून दुरुस्त होणार नाहीत हे त्याच माहितीत लिहून टाकलं. ते वाचलं तेव्हा मला कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, खेळणाऱ्याला निदान वाट बघत बसावं लागत नाही.

ते उदाहरण आणखी एका गोष्टीसाठी महत्त्वाचं आहे. ८ एमबीची सेव्ह बनायला माणसाला पुष्कळ तास खेळावं लागतं, पुष्कळ सामान जमवावं लागतं. १९८०च्या 'पॅक-मॅन'मध्ये २५६व्या लेव्हलला अर्धा पडदा कचऱ्याने भरतो, कारण लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये ठेवला होता आणि त्यात २५५च्या पुढे जागा नाही. तिथवर जाणाऱ्यालाच तो दिसतो. टेस्टरची सेव्ह नेहमी कोवळी असते. आपण रोज नवा बिल्ड, म्हणजे खेळाची ताजी बनवलेली आवृत्ती, टाकतो, पहिल्यापासून सुरू करतो, अर्धा तास खेळतो. बग मात्र मुरलेल्या सेव्हमध्ये असतो.

म्हणून आता प्रत्येक प्रसिद्ध आवृत्तीतल्या काही सेव्ह फाइली आम्ही जपून ठेवतो, वेगवेगळ्या भाषांच्या फोनवर बनलेल्या. रिलीजच्या आधी त्या सगळ्या नव्या बिल्डमध्ये उघडतात की नाही आणि त्याच लेव्हलवर उघडतात की नाही ते बघतो. रॅकमधले तीन फोन कायमचे मराठी, बंगाली आणि तुर्की केले आहेत. तुर्की यासाठी की त्या भाषेत लहान आयचं मोठं अक्षर टिंबासकट होतं, आणि अक्षरं मोठी करून शब्द जुळवणारा कोड तिथे फसतो. जर्मन फोन नाही, पण दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो का हे बघायला अधूनमधून भाषा बदलतो. लॉग वाचायला त्रास होतो, तो सोसतो.

अँड्रॉइडचं लिंट हे कोडमधल्या चुका शोधणारं साधन 'डीफॉल्टलोकॅल' आणि 'सिंपलडेटफॉरमॅट' अशा दोन सूचना देतं, ज्या अगदी याच चुका दाखवतात. आमच्या प्रोजेक्टमध्ये त्या बंद करून ठेवलेल्या होत्या, सूचनांची यादी फार लांब होते म्हणून. आता त्या चालू आहेत आणि तशी एकही सूचना आली तर बिल्ड बनत नाही. कुठलाही जुना प्रोजेक्ट हाती असेल तर आजच एवढं करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

तुमच्याच फोनवर असं होत असेल तर

खेळ दर वेळी एकाच लेव्हलवर परत जात असेल तर अ‍ॅप काढू नका आणि "क्लिअर डेटा" करू नका. फोनची भाषा मधल्या काळात बदलली होती का ते आठवा, घरातल्यांनाही विचारा. बदलली असेल तर ती परत पूर्वीची करा, एक लेव्हल खेळा, खेळ पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. मावशीच्या फोनवर एवढ्यानेच सेव्ह पुन्हा टिकू लागली होती, दुरुस्त अपडेट येण्याच्या आधी. बँकेचं अ‍ॅप तिने मग मुलीकडून करून घेतलं.

तक्रार लिहिताना "प्रोग्रेस जाते" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या लेव्हलवरून कुठल्या लेव्हलवर गेला, दर वेळी तिथेच जातो का, कधीपासून, त्या दिवसांत फोनमध्ये काय बदललं, फोनची भाषा कुठली, अपडेट केलं होतं की नव्याने टाकलं होतं, हे लिहा. शक्य असेल तर रात्रीचा आणि सकाळचा असे दोन स्क्रीनशॉट जोडा. तेवढं हातात आलं तर टेस्टर रॅकमधला फोन तुमच्या फोनसारखा करून बसू शकतो.